आउटबोर्डचा कार्ब्युरेटर : तुमचे प्रश्न

बंदीचे दोन महिने होडी शाकारलेली होती. आता होडीच्या मागे टांगलेलं (आउटबोर्ड) टू-स्ट्रोक मशीन चोकवर चालतं, चोक काढला की बंद पडतं. पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा स्क्रू फिरवूनही फरक नाही.

दोष स्क्रूचा नाही, घाणीचा आहे. बाऊलमधलं (कार्ब्युरेटरच्या तळच्या वाटीतलं) पेट्रोल उडून गेलं की राळेसारखा थर उरतो आणि पायलट जेट (स्लोवर पेट्रोल पुरवणारी पितळी तोटी) आधी बुजतो, कारण त्याचं भोक सर्वांत बारीक. चोक हवा अडवतो, म्हणून पेट्रोल जास्त ओढलं जातं आणि तेवढ्यापुरतं भागतं.

स्क्रू हलक्या हाताने बसेपर्यंत आत फिरवा, किती फेरे झाले ते लिहून ठेवा, मग काढा. फ्लोट (बाऊलमधल्या पेट्रोलवर तरंगणारा तुकडा), नीडल (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी सुई), दोन्ही जेट (पायलट आणि मेन) बाहेर घ्या. रबरी रिंगा आधी काढा, क्लीनरने त्या फुगतात. जेटमध्ये तार घालू नका. पितळ ओरखडलं की भोक मोठं होतं. तंगुसाचा (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा) बारीक तुकडा चालतो. क्लीनर मारा, दोन्ही बाजूंनी हवा मारा आणि जेट उन्हाकडे धरा. पूर्ण गोल उजेड दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर पुन्हा साफ करा. थ्रॉटलच्या पातीजवळची बारीक भोकंही तपासा. बहुतेकदा तीच राहून जातात आणि मग ‘साफ करूनही तसंच’ होतं.

नवं गॅस्केट लावा, स्क्रू मोजलेल्या फेऱ्यांवर आणा. होडी पाण्यात पक्की बांधा, पंख्याजवळ कुणी नको. दहा मिनिटं मशीन गरम करून गिअरमध्ये, स्लोवर, स्क्रू एका वेळी अष्टमांश फेरा फिरवा आणि थांबून ऐका. रेस देताना कार्ब्युरेटर शिंकला तर पेट्रोल कमी पडतंय. धूर आणि ओला प्लग म्हणजे जास्त. शेवटी किंचित जास्तीकडेच ठेवा: पेट्रोल कमी पडलं की पिस्टन तापून जाम होतो. पिंपातल्या पाण्यात केलेलं ट्यूनिंग समुद्रात टिकत नाही.

पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबला की कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळतं.

नीडलचं टोक पाहा. त्यावर गोल खाच पडली असेल तर नीडल बदला, सीटही (नीडल ज्यात बसते ते भोक) निघत असेल तर जोडीनेच. फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळलं तर तो भोक पडून बुडतोय. फ्लोटची उंची मॉडेलच्या पुस्तकातल्या मापानेच ठेवा.

स्पीडबोटीच्या इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) पेट्रोल इंजिनाला मोटारीचा कार्ब्युरेटर बसवला तर?

नका बसवू. बोटीच्या कार्ब्युरेटरचे व्हेंट (हवेची भोकं) असे असतात की जास्तीचं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या घशातच, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेतच, पडतं. मोटारीचा कार्ब्युरेटर ते बाहेर सांडू शकतो. हवेपेक्षा जड वाफ बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने भडका उडतो. फ्लेम अरेस्टरही (कार्ब्युरेटरमधली ज्वाला बाहेर येऊ न देणारी जाळी) कधीच काढू नका.