बास्करविल पहिल्यांदाच वापरतोयस ना, मग एवढं बघ

पुस्तकाच्या मजकुरासाठी बास्करविल हा इंग्रजी फॉन्ट घेतलास, मस्त निवड आहे. तो घडवणाऱ्या मुद्रक जॉन बास्करविलने १७५७ मध्ये बर्मिंगहॅमला रोमन कवी व्हर्जिलचं पुस्तक छापलं तेव्हा कागद गुळगुळीत घेतला, शाई जास्त काळी केली, म्हणून तर अक्षरातल्या जाड-बारीक रेघांचा फरक एवढा उठून दिसला. स्मॉल जी मोठा करून बघ, खालचं वेटोळं उघडंच सोडलंय, आणि कॅपिटल क्यूचं शेपूट तर बघतच राहावं असं!

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- साइज फार लहान नको, बारीक रेघा स्क्रीनवर गायब होतात. वेबसाइटसाठी लिब्रे बास्करविल ही त्याचीच आवृत्ती घे, फुकट आहे आणि १६ पिक्सेलच्या मजकुरासाठीच बनवलाय, फक्त अक्षरं रुंद असल्यामुळे जागा जास्त खातो.
- इटॅलिकची, म्हणजे तिरक्या अक्षरांची, वेगळी फाइल टाकच. नवीन लोक हमखास विसरतात, मग सॉफ्टवेअर सरळ अक्षरंच तिरकी करून देतं आणि बास्करविलचं खरं देखणं इटॅलिक दिसतच नाही.
- जोडीला गॅरामॉन्ड हा फॉन्ट नको. दोन्ही सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेले), फरक धड कळत नाही, नुसतं चुकल्यासारखं वाटतं.

कर्निंग (दोन अक्षरांमधलं अंतर जुळवणं), लिगेचर (जोडून काढलेली अक्षरं) यांच्या मागे आत्ता लागू नकोस. ओळींमध्ये मोकळी जागा सोड, एका पानाची प्रिंट काढ, मगच साइज फायनल कर.