लेझर रिकामा, माणूस कामात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १० वॅटचं डायोड लेझरचं मशीन घेऊन दोन महिने झालेत, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी ३ मिमी एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीच्या) ४० कीचेनची ऑर्डर आली आहे, प्रत्येकीवर मुलाचं नाव मराठीत. पहिल्या दहा करण्यात अख्खा रविवार गेला. तर आता २० वॅटचं लेझर मॉड्यूल घ्यावं का?

नको. या ऑर्डरसाठी तरी नकोच. तुम्हीच लिहिलंय की एका कीचेनला खोदकामाची चार मिनिटं आणि कटिंगची दीड. म्हणजे दहा कीचेनना पंचावन्न मिनिटं. रविवारचे उरलेले सहा-सात तास लेझरने खाल्लेले नाहीत. ते नावं एकेक टाइप करण्यात, अक्षरं मधोमध आणण्यात, फ्रेम करून (डोकं कडेकडेने फिरवून) जागा बघण्यात आणि बिघडलेला नग पुन्हा करण्यात गेले. मॉड्यूल बदललंत तर पंचावन्नची चाळीस मिनिटं होतील आणि रविवार तसाच जाईल.

तुमच्याकडे मशीन चालवायला लाइटबर्न हे सॉफ्टवेअर आहे, म्हणून त्यातलंच सांगतो. लेझरजीआरबीएल हे दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एखादा फोटो जाळायला ठीक आहे, पण चाळीस नावांचं काम त्यात करायचं म्हणजे स्वतःचेच हाल.

आधी नावं. मुख्याध्यापकांकडून आलेली यादी एक्सेलमध्ये घ्या, एका कॉलममध्ये फक्त नाव. सेव्ह करताना साधं ‘सीएसव्ही’ निवडू नका, ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. साध्या सीएसव्हीत मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते आणि फाइल एकदा बंद केली की नावं गेली ती गेली. मग लाइटबर्नमध्ये मजकुराचा प्रकार ‘मर्ज सीएसव्ही’ करा आणि नावाच्या जागी %० असं लिहा (शून्य अर्थात इंग्रजी कीबोर्डवरचा). %० म्हणजे पहिला कॉलम, %१ म्हणजे दुसरा. तुकडी किंवा हजेरी क्रमांक हवा असेल तर तो दुसऱ्या कॉलममध्ये ठेवा. व्हेरिएबल टेक्स्टच्या खिडकीत सीएसव्हीची फाइल दाखवून द्या. एक कीचेन नीट बसवा, मग तिच्या प्रती रांगांत मांडणारी ग्रिड अ‍ॅरे करा. अ‍ॅरे करतानाच मजकूर पुढे सरकवण्याचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. चाळीस नावं चाळीस कीचेनवर आपोआप बसतात.

‘ओम’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ एकाच मापाच्या कीचेनवर बसवायचे, हा दुसरा त्रास. त्यासाठी मजकुराला ‘मॅक्स विड्थ’ द्या. लांब नाव तेवढ्या रुंदीत स्वतःच आक्रसतं, छोटं आहे तसं राहतं. मजकुराचं संरेखन आडवं आणि उभं दोन्हीकडून ‘मिडल’ ठेवा, नाहीतर प्रत्येक नाव डाव्या बाजूला चिकटून बसेल आणि तुम्ही ती हाताने ओढत बसाल.

देवनागरीचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि ते परदेशी व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. बऱ्याच मराठी फॉन्टात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर केसभर चढलेली असते. कागदावर छापताना फट दिसू नये म्हणून ती सोय असते. लेझरला दिसतात त्या बाह्यरेषा. दोन बाह्यरेषा जिथे एकमेकींवर येतात तो भाग ‘फिल’मध्ये (आतला भाग भरून खोदताना) रिकामा धरला जातो, आणि मग ‘ईश्वरी’च्या शिरोरेषेवर दोन अक्षरांच्या मध्ये पांढरी चीर राहते. माझ्या पहिल्या पाटीवर अशा पाच चिरा होत्या. मला वाटलं बेल्ट सैल आहे. अर्धा दिवस बेल्ट ताणत बसलो.

उपाय एका टिचकीचा आहे: मजकूर निवडून ‘वेल्ड’चं (एकमेकींवर आलेल्या बाह्यरेषा एक करण्याचं) बटण चालू करा. फाइल इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर शिफ्ट-कंट्रोल-सीने मजकुराचे पाथ (नुसत्या रेषा) करा, शिफ्ट-कंट्रोल-जीने ग्रुप सोडा, मग कंट्रोल आणि अधिकने युनियन. चाळीस नावं टाकण्याआधी जोडाक्षराचं एकच नाव टाकून झूम करून बघा. ‘श्र’, ‘ज्ञ’, रफार नीट बसले तर पुढे जा. कुठे मोडत असेल तर ते नाव इंकस्केपमधून पाथ करून आणा. फॉन्ट जाड घ्या. मुंबईच्या एक टाइपचे ‘बालू’ आणि ‘मुक्त’ हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतात, विकायच्या वस्तूवर वापरायला अडचण नाही.

जाता जाता, पुढे कधी कापून काढलेल्या अक्षरांची दाराची पाटी करायची वेळ आली तर आपली लिपी फार सोयीची आहे. शिरोरेषेमुळे सगळी अक्षरं आपोआप एकत्र लटकतात. इंग्रजी नावाला खाली पट्टी जोडावी लागते, तशी इथे लागत नाही. गळून पडतो तो अनुस्वार. ‘शिंदे’ कापलंत की टिंब खालच्या जाळीत जातं आणि दारावर ‘शिदे’ लागतात. टिंब मात्रेला किंवा वेलांटीला टेकेल इतकं खाली ओढा आणि मग वेल्ड करा.

आता ती चार मिनिटं. तुमच्या सेटिंगमध्ये लाइन इंटरव्हल, म्हणजे खोदकामाच्या दोन ओळींमधलं अंतर, ०.०५ मिमी आहे आणि वेग मिनिटाला ३,००० मिमी, म्हणजे सेकंदाला ५० मिमी. नावाची चौकट ४५ बाय १२ मिमी धरा. १२ मिमी उंचीत ०.०५च्या हिशेबाने २४० ओळी, प्रत्येक ४५ मिमी, एकूण १०.८ मीटर. ५०ने भागलं की २१६ सेकंद. वळणांची वेळ धरून झाली तुमची चार मिनिटं. इंटरव्हल ०.१ केलात तर ओळी १२० होतात आणि वेळ सरळ निम्मा. चाळीस नगांवर सव्वा तासाच्या आसपास वाचतो, एक पैसा खर्च न करता. माझ्या डायोडचा ठिपकाच ०.०८ मिमीच्या आसपास आहे, त्यामुळे ०.०५वर तो जाळलेलंच पुन्हा जाळतो. तुमच्या मशीनवर कुठला आकडा चालतो ते ‘इंटरव्हल टेस्ट’ने एकदाच बघून घ्या. ओळी विरळ झाल्यावर रंग किंचित फिका येतो, पॉवर थोडी वाढवली की झालं.

त्याच हिशेबात स्कॅनचा, म्हणजे ओळी मारण्याचा, कोनही बघा. शून्य अंशावर त्या नावाच्या १२० लांब ओळी होतात, ९० अंशावर ४५० आखूड ओळी. अंतर तेवढंच, पण लेझरचं डोकं थांबून वळतं ते १२० वेळा की ४५० वेळा, हा फरक आहे. नाव लांबट असतं, आडवंच स्कॅन करा.

आणि चाळीसही नावं एका फाइलमध्ये आली की ‘फिल’ कसं करायचं हा प्रश्न येतो. ‘सगळे आकार एकदम’ ठेवलंत तर डोकं रांगेतल्या सगळ्या कीचेनवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, मधल्या रिकाम्या जागेवरूनसुद्धा. ‘ग्रुप एकत्र’ ठेवलंत तर एक कीचेन संपवून पुढच्या कीचेनवर जातं. कुठलं लवकर होईल हे नगांमधल्या अंतरावर आणि तुमच्या मशीनच्या प्रवेगावर अवलंबून आहे, तेव्हा वाद घालण्यापेक्षा ऑल्ट-पी दाबून दोन्हींचा प्रीव्ह्यू बघा. खाली वेळ लिहून येतो. तो वेळ खरा यायला हवा असेल तर डिव्हाइस सेटिंगमध्ये सिम्युलेशनचे आकडे मशीनच्या कंट्रोलरमधून वाचून घ्या, नाहीतर प्रीव्ह्यू दहा मिनिटं म्हणतो आणि मशीन पंचवीस लावतं.

वेगाबद्दल एकच. लाइटबर्नच्या कन्सोलमध्ये (मशीनला थेट आज्ञा देण्याच्या खिडकीत) $$ टाइप करून एंटर दाबा. $११० आणि $१११ समोर जे आकडे येतील ते तुमच्या दोन अक्षांचे कमाल वेग, मिनिटाला मिमी. तिथे ६,००० असेल तर सॉफ्टवेअरमध्ये १२,००० टाकून काहीही होत नाही, मशीन गुपचूप ६,०००नेच चालतं. तिथेच $३२ समोर १ आहे ना बघा. तो लेझर मोड आहे, शून्य असेल तर कोपऱ्यांवर जळकट ठिपके येतील. $३०चा आकडा (पूर्ण पॉवरचा) आणि लाइटबर्नमधला ‘एस व्हॅल्यू मॅक्स’ सारखा हवा, बहुतेक ठिकाणी १,००० असतो. मशीनमध्ये २५५ आणि सॉफ्टवेअरमध्ये १,००० असेल तर पंचवीस टक्क्यांवरच पूर्ण पॉवर लागते, आणि मग माणूस सेटिंग शोधत रात्री जागतो. व्हिडिओतला आकडा उचलताना तो सेकंदाचा आहे की मिनिटाचा, हे आधी विचारा. ३०० मिमी सेकंदाला आणि ३०० मिमी मिनिटाला यात साठ पटींचा फरक आहे.

कटिंगला दीड मिनिट जरा जास्त वाटतं. तुमचा कीचेनचा आकार कुठून तरी डाउनलोड केलेला आहे, त्यात एकावर एक दोन रेषा असण्याची दाट शक्यता आहे. स्क्रीनवर एकच दिसते, लेझर दोनदा फिरतो आणि कडा कोळशासारखी होते. सगळं निवडून ऑल्ट-डी, दुहेरी रेषा जातात. मग ऑल्ट-जे, तुटक रेषा जोडल्या जातात. चित्रावरून ट्रेस केलेला आकार असेल तर आणखी एक गंमत असते: पेनाने काढलेल्या एका रेषेला ट्रेस दोन कडा देतो, आतली आणि बाहेरची. आतली उडवून टाका.

स्क्रीनवरच्या रेषांच्या रंगांचा नियम आजच ठरवून टाका आणि आयुष्यभर मोडू नका. माझा असा: काळा खोदकाम, निळा हलकी रेघ, लाल कट, आणि लाल कायम शेवटी. कापलेला तुकडा जाळीवर जरा जरी हलला तरी त्यानंतरचं खोदकाम तिरकं जातं. ऑप्टिमायझेशनमध्ये लेयरचा (म्हणजे या रंगांचा) क्रम आणि ‘आतले आकार आधी’ हे दोन्ही चालू ठेवा, म्हणजे कडीचं भोक आधी आणि बाहेरची कड नंतर. हे सगळं भरलेली एक रिकामी फाइल ‘कीचेन-कोरी’ नावाने ठेवून द्या आणि प्रत्येक काम तिथूनच सुरू करा. एमडीएफ, प्लाय, चामडं यांचे जमलेले आकडे मटेरियल लायब्ररीत टाका आणि नोंदीत महिना लिहा. हसू नका. एप्रिलमध्ये एका फेरीत कापलं जाणारं प्लाय जुलैत ओलसर होऊन दोन फेऱ्या मागतं. माझ्याकडे ‘प्लाय ३, पावसाळा’ अशी वेगळी नोंद आहे.

मापाचा एक किस्सा सांगतो, कारण तुम्ही पुढे मखराचंही विचारलंय. महाराष्ट्रात २०१८ला थर्माकोलवर बंदी आल्यापासून एमडीएफच्या मखरांना मागणी आहे, करा जरूर. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाने दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेली एसव्हीजी (रेषाचित्राची) फाइल दिली. कमान, खांब, जाळी सगळं स्क्रीनवर सुरेख. चार तास कापत होतो. जोडायला घेतलं तर ३ मिमीच्या खाचेत ३ मिमीचा एमडीएफ जाईना. व्हर्नियर लावला तर खाच २.२५ मिमी. फाइल ७२ डीपीआयच्या (इंचाला ७२ ठिपक्यांच्या) हिशेबाने लिहिलेली आणि मी ९६ने उघडलेली, म्हणजे सगळं मखरच पाऊणपट झालं होतं. इंकस्केपच्या फार जुन्या फाइली ९०च्या असतात, त्यांत १०० मिमीचे ९३.७५ होतात, तो फरक तर डोळ्याला कळतही नाही. तेव्हापासून फाइल उघडली की पहिलं काम: माहीत असलेली एक लांबी मोजायची. दहा सेकंद लागतात.

खाचेच्या डब्यांसाठी स्वतः रेघोट्या मारत बसू नका. बॉक्सेस डॉट पाय हा फुकट जनरेटर आहे, लांबी-रुंदी-उंची दिली की एकमेकांत अडकणाऱ्या बोटांसकट डबा तयार. जाडीच्या रकान्यात ३ लिहू नका, व्हर्नियरने मोजून जे येईल ते लिहा, माझ्याकडचा ‘३ मिमी’ कधी २.७ भरतो तर कधी ३.२. त्यातला ‘बर्न’ म्हणजे लेझर जेवढं खातो त्याच्या निम्मं. तो काढायला १० मिमी रुंदीच्या दहा पट्ट्या कापा, शेजारी शेजारी घट्ट लावून मोजा. १००च्या जागी ९८.४ आले तर एका पट्टीमागे ०.१६ गेले, बर्न ०.०८ लिहा. लाइटबर्नच्या कर्फ ऑफसेटलाही (लेझर खातो तेवढी रेष बाजूला सरकवण्याची सोय) हाच ०.०८.

तुमच्या मशीनला लिमिट स्विच (डोकं कडेला पोचल्याचं सांगणारे) नाहीत असं दिसतं. तेव्हा ‘अ‍ॅब्सोल्यूट’च्या (बेडच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून मोजण्याच्या) नादी लागू नका, ‘करंट पोझिशन’ (डोकं आहे तिथून सुरुवात) ठेवा, बेडवर लाकडी पट्टीचा एल आकाराचा कोपरा पक्का करा आणि दर वेळी शीट त्यात टेकवा. फ्रेमिंग एकदा केलं की पुढच्या शीटला लागत नाही. वाचलेल्या वेळात मशीन सोडून चहाला जायचं नाही, एवढं पाळा. एमडीएफ पेट घेतो.

उरलेल्या तीस कीचेन या पद्धतीने नावांसकट एका संध्याकाळीत व्हाव्यात. फक्त शाळेकडून यादी येईल ती युनिकोडमध्ये आहे का, हे आज फोन करून विचारा. अनेक शाळांत अजून जुन्या फॉन्टात टाइप करतात. ती यादी एक्सेलमध्ये चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला दिसतो. तसं असेल तर आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि ऱ्हस्व-दीर्घ एकदा वर्गशिक्षकांकडून तपासून घ्या. मागच्या वर्षी मी ‘श्रुती’च्या सात कीचेन पुन्हा केल्या होत्या.