धुऱ्यावरची फौज

प्रश्न : आमच्या आखाड्याजवळ धुऱ्यावर लिंबाचे जुने खोड पडलेले असून त्याला उधई लागली आहे. मृगाचा पाऊस होऊन गेल्यावर एका सकाळी त्या खोडापासून रानातल्या एका भेगेपर्यंत काळ्या, चकचकीत मुंग्यांची लांबच लांब रांग लागलेली दिसली. परतणाऱ्या बहुतेक मुंग्यांच्या तोंडात पांढरी वाळवी होती. मुलगा म्हणतो, दूरचित्रवाणीवर दाखवतात त्या माणसे खाणाऱ्या मुंग्या याच. भुकटी टाकावी काय? (एक वाचक, ता. कळमनुरी, जि. हिंगोली)

उत्तर : भुकटी मुळीच टाकू नये. आपल्या शेतातली वाळवी कोणी फुकटात वेचून नेत असेल, तर त्याला अडवण्यात शहाणपण नाही. आपण केलेले वर्णन लेप्टोजेनिस प्रोसेशनॅलिस या मुंगीशी जुळते. जर्डन या शल्यवैद्याने १८५१ साली तिचे वर्णन केले आणि रांगेने चालण्याच्या तिच्या सवयीवरूनच तिचे नाव ठेवले. गुळाच्या ढेपेला लागणारा डोंगळा आणि ही मुंगी यांत गल्लत होऊ शकते, परंतु डोंगळ्यांच्या रांगेत लहान डोक्याचे आणि मोठ्या डोक्याचे असे सगळेच असतात, तर हिच्या रांगेतल्या सगळ्या मुंग्या सडपातळ आणि एकाच मापाच्या दिसतात. शिवाय डोंगळा नुसता चावतो. हिला नांगी असते आणि हातात धरल्यास ती डंख मारते, एवढी काळजी मात्र घ्यावी.

ही मुंगी रांगेनेच का जाते, हा खरा विचारण्याजोगा प्रश्न आहे. वाळवी एकेकटी सापडत नाही. ती मातीच्या पापुद्र्याखाली हजारोंनी राहते आणि तिचे शिपाई तोंडाशीच उभे असतात. तेथे एकटी मुंगी गेली तर तीच कापली जाईल. म्हणून वाळवीवर जगणाऱ्या अनेक मुंग्यांनी टोळीने धाड घालण्याची रीत उचलली. या रीतीचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो आफ्रिकेतल्या मेगापोनेरा ॲनॅलिस या मुंगीवर. तिची टेहळणी करणारी एकच मुंगी आधी वाळवी शोधून येते, घरी परतून दोन-चारशे जणींना बरोबर घेते आणि स्वतः पुढे होऊन वाट दाखवते. मोठ्या मुंग्या पापुद्रा फोडतात, लहान मुंग्या आत शिरून वाळव्या ओढून काढतात. या झटापटीत ज्यांचे पाय तुटतात त्यांना सोबतिणी उचलून घरी आणतात आणि त्यांच्या जखमा चाटतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, जखमी मुंगीला एकटे ठेवल्यास चोवीस तासांत सुमारे ८० टक्के मुंग्या मरतात, आणि सोबतिणींनी शुश्रूषा केल्यास हे प्रमाण १० टक्क्यांवर येते. पाचेक पाय गमावलेली मुंगी मात्र उचलू देण्यासाठी अंग आवरून धरत नाही, धडपडतच राहते आणि मागेच पडते.

याउलट हार्पेग्नॅथस सॅल्टेटर ही आपल्याच देशातली उडी मारणारी मुंगी पाहावी. मोठे डोळे, चिमट्यासारखे लांब जबडे, आणि शिकार एकटीनेच. रातकिडा किंवा कोळी एकेकटाच भेटतो, त्याच्यासाठी फौज कशाला?

आता चिरंजीवांच्या शंकेविषयी. दूरचित्रवाणीवर दिसणारी मुंगी बहुधा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली एसिटॉन बर्चेली असते. तिच्या एका वसाहतीत लाखो मुंग्या असतात. परंतु ही धाड तासाला जेमतेम १५ ते २० मीटर सरकते, म्हणजे चालता येणाऱ्या माणसाला तिच्यापासून काहीच भय नाही. या मुंग्यांना कायमचे घर नसते. ऊसतोडीच्या टोळीला निदान कोपी तरी उभारावी लागते. या मुंग्या एकमेकींचे पाय धरून स्वतःच्या अंगांचेच घर करतात, ज्याच्या मधोमध राणी आणि पिल्ले सुरक्षित असतात. मुक्काम हलवायचा की नाही हे राणीच्या नव्हे, तर अळ्यांच्या भुकेवर ठरते. अळ्या वाढीला लागल्या की साधारण १५ दिवस जवळजवळ रोज रात्री मुक्काम हलतो. अळ्या कोषात गेल्या, भूक थांबली, की सुमारे २० दिवस एकाच जागी तळ पडतो आणि त्याच काळात राणी पुढची अंडी घालते.

प्रश्न : पावसाळ्यात रात्री अंगणातल्या दिव्यावर तपकिरी, जाडजूड, पंख असलेला एक किडा येतो आणि जमिनीवर पडून पोट ओढत फिरतो. ही गांधीलमाशी आहे काय? (एक वाचिका, अंबाजोगाई)

उत्तर : आपली चूक अगदी मान्यवरांच्या पंगतीतली आहे. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७६४ साली अशाच आफ्रिकी किड्याला गांधीलमाशी समजून नाव दिले होते. प्रत्यक्षात हा डोरायलस मुंगीचा नर असतो. तिच्या कामकरी मुंग्यांना डोळे नसतात आणि त्या बहुधा जमिनीखालूनच शिकार करतात, त्यामुळे त्या आपल्या अंगणाखाली असल्या तरी सहसा दिसत नाहीत. दिसतो तो एवढा नरच. याच कुळातली डोरायलस ओरिएंटॅलिस मात्र शिकारीची वाट सोडून बटाटा आणि भुईमूग पोखरते. तेव्हा वर केलेले मुंग्यांचे कौतुक तिला लागू नाही.

प्रश्न : बाभळीखाली मुंगीच्या बिळाच्या तोंडाशी पक्ष्यांची पिसे गोलाकार रोवलेली पाहिली. हे मुंगीचे काम असेल यावर घरात कोणी विश्वास ठेवीत नाही. (एक विद्यार्थी, ता. किनवट)

उत्तर : घरच्यांना पहाटे, ऊन चढण्याआधी तेथे घेऊन जा. ही डायाकामा मुंगी असावी. मॉफेट या संशोधकाने १९८५ साली भारतातल्या डायाकामा रुगोसमविषयी लिहिले की, कोरड्या दिवसांत बिळाच्या तोंडाशी ठेवलेल्या पिसांवर दव साचते आणि मुंग्या ते थेंब टिपून पाणी मिळवतात. या मुंग्यांत वेगळी राणी नसते. प्रत्येक मुंगी छातीवर पंखांच्या जागी दोन बारीक कोंब घेऊन जन्मते. ज्या एकीचे कोंब शाबूत असतात ती इतर सर्वांचे कोंब तोडून टाकते, आणि मग अंडी घालण्याचा मान तिच्याकडेच राहतो. भिंग असेल तर बरोबर न्यावे. पिसांवरचे थेंब उन्हाबरोबर जातात.