गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर बॅडमिंटन सुरू केले, पण मांडी आणि पोटरी दुखते. काय करावे?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे : वय ६१, सात महिन्यांपूर्वी उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले, एक्स-रे उत्तम आहे आणि शल्यचिकित्सकांनी दुहेरी बॅडमिंटनला परवानगी दिली आहे, मात्र खेळल्याच्या दुसऱ्या दिवशी मांडीचा पुढचा भाग आणि पोटरी भरून येते. सोबतचे कुणी ‘शेक घ्या आणि महिनाभर बसा’ म्हणतात, कुणी ‘खेळत राहा, सवय होईल’ म्हणतात. मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आणि हे दोन्ही सल्ले रुग्णांकडून नेहमी ऐकतो. आपल्या वर्णनावरून हे दुखणे सांध्याचे नसून कमकुवत राहिलेल्या स्नायूंचे वाटते, आणि त्यावर विश्रांती किंवा नुसता खेळ यांपैकी एकही पुरेसा उपाय नाही.

एक्स-रेमध्ये धातू आणि हाड दिसते, स्नायूंची ताकद दिसत नाही. गुडघा झिजत असतो त्या वर्षांत माणूस नकळत त्या पायाला जपतो, जिन्यावर कठडा धरतो, खुर्चीतून उठताना हातांवर जोर देतो, आणि मांडीचा पुढचा स्नायू झडत जातो. त्यात शस्त्रक्रियेची भर पडते. सांध्याला सूज असली की तेथून मेरुरज्जूकडे जाणारे संदेश बदलतात आणि या स्नायूला काम करण्याची पूर्ण आज्ञाच मिळत नाही. रुग्ण मनापासून जोर लावत असतो, तरी स्नायूचा काही भाग कामाला लागतच नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात त्याची ताकद आधीच्या जवळजवळ निम्म्यावर येते, असे मोजमापांतून दिसलेले आहे. चालणे सुधारले म्हणून ती ताकद आपोआप परत येत नाही, आणि घरात नीट चालता येऊ लागताच फिजिओथेरपी थांबवणाऱ्यांचे नेमके येथेच अडते.

साधे चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो; जिना उतरताना तो तीन ते साडेतीन पटींपर्यंत जातो. जाळीजवळचे शटल उचलण्यासाठी आपण पाय पुढे टाकून थबकतो, तेव्हा मांडीचा स्नायू लांबत असतानाच जोर लावत असतो, आणि स्नायूला सर्वाधिक दुखवणारे काम हेच आहे. असे दुखणे साधारण १२ ते २४ तासांनी जाणवू लागते, एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते आणि मग ओसरते. नागपुरातल्या सेमिनरी हिल्स टेकडीचा चढ चढताना भले दम लागो, दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतारामुळे. पोटरीचे म्हणाल, तर मांडी कमी पडत असल्याने गुडघा ताठ ठेवून पाऊल टाकण्याची जुनी सवय बहुधा टिकून असावी. जवळच्या फिजिओथेरपिस्टला आपली चाल एकदा अवश्य दाखवावी.

उपचाराचा गाभा म्हणजे हळूहळू भार वाढवत नेणारे व्यायाम. हात न टेकता खुर्चीतून उठणे आणि बसताना मात्र चार-पाच सेकंद घेणे, कठड्याला बोटे लावून टाचा उचलणे, डाव्या कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, आणि जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर उजव्या पायाने उभे राहून डावा पाय सावकाश जमिनीला टेकवणे, एवढे पुरते. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा असा करावा की शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा सहज होऊ लागले की वजन वाढवावे. रुग्णालयातून घरी येताना मिळालेल्या कागदावरचे बिनवजनी व्यायाम सहा-सहा महिने तसेच करत राहणारे अनेक जण मी पाहतो. त्यांची चिकाटी वाखाणण्यासारखी असते, पण स्नायूला त्यातून वाढण्याचे कारण मिळत नाही.

किती दुखणे चालेल, याचा अंदाज दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावा. मांडी भरून आली आहे, पण गुडघा सुजलेला नाही आणि चाल लंगडी नाही, तर भार योग्य आहे. शिंप्याची टेप घेऊन वाटीच्या मध्यावर घेर मोजून ठेवावा. खेळल्यानंतर तो वाढलेला दिसला, तर पुढच्या वेळी खेळ निम्मा करावा, बंद करू नये.

शेकाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. गरम पाण्याच्या पिशवीने मांडीला आराम मिळत असेल तर हरकत नाही, पण क्लिनिकमध्ये खोलवर उष्णता देणारे शॉर्टवेव्ह डायथर्मीचे यंत्र धातूचा सांधा असलेल्या जागी वापरू नये, कारण धातूजवळच्या ऊतींना भाजण्याचा धोका असतो. यंत्र लावण्याआधी आपणच सांधेरोपणाचा उल्लेख करावा. खेळानंतर सांध्याला कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे लावणे चांगले. मालिशने तात्पुरते बरे वाटते, ताकद येत नाही.

खेळताना सुरुवातीला उड्या आणि जोरदार स्मॅश टाळावेत, आणि सलग दोन दिवस खेळू नये. नागपूरच्या थंडीत सकाळी अंग गरम व्हायला वेळ लागतो, तेव्हा कोर्टवर उतरण्याआधी दहा मिनिटे चालून घ्यावे.

एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दाबल्यावर दुखणे असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, आणि सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट आपत्कालीन विभागात जावे. ताप, जखमेजवळ लाली किंवा स्राव, रात्री जागे करणारे दुखणे, गुडघा अचानक दगा देणे, यांपैकी काहीही झाल्यास फिजिओथेरपिस्टची वाट न पाहता शल्यचिकित्सकांना गाठावे.

यांपैकी काही नसेल आणि दीड-दोन महिने नेटाने व्यायाम करूनही दुखणे जैसे थे राहिले, तर कमरेतून येणारे दुखणे तपासून घ्यावे, रक्तातील ड जीवनसत्त्व पाहावे, आणि कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटातील गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना त्याविषयी विचारावे, कारण काही जणांना तिच्यामुळेही स्नायू दुखतात.