प्रिस्क्रिप्शनवरची पेनकिलर म्हणजे ओपिऑइडच का?

प्रश्न: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल, पॅरासिटामॉल आणि प्रीगाबालिन दिलंय. मावशी म्हणते ही सगळी अफूची औषधं, सवय लागेल, देऊ नकोस. आई रात्रभर कळवळते पण आता गोळीला हात लावायला घाबरते. कुठली गोळी ओपिऑइड हे ठरतं कसं?

उत्तर: तिघांपैकी ओपिऑइड एकच, ट्रॅमाडॉल. आणि गंमत बघा, ते अफूपासून बनतच नाही, पूर्ण लॅबमध्ये तयार होतं.

औषध किती स्ट्राँग आहे किंवा त्याला प्रिस्क्रिप्शन लागतं का, यावरून हे ठरत नाही. आपल्या मेंदूत, मज्जारज्जूत आणि आतड्यांत ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे अशी औषधं चिकटायच्या जागा, असतात, त्यातला मुख्य म्हणजे म्यू, औषध तिथे जाऊन बसलं आणि तो चालू करून त्याने वेदनेचा निरोप दाबला की ते ओपिऑइड पेनकिलर, मग ते आलेलं कुठूनही असो. मॉर्फिन आणि कोडीन थेट अफूच्या बोंडातल्या चिकात सापडतात, ऑक्सिकोडोन त्याच चिकातल्या थीबेन नावाच्या घटकावर प्रक्रिया करून बनवतात, आणि फेंटानिल, मेथाडोन, ट्रॅमाडॉल ही माणसाने शून्यापासून बनवलेली. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या रिसेप्टरला धरून काम करत नाहीत. प्रीगाबालिन पण नाही, ते नसांच्या कॅल्शियम चॅनलवर काम करतं.

एकाच गटात असली तरी ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. फेंटानिल मॉर्फिनच्या 50 ते 100 पट तीव्र आहे, म्हणून त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. कोडीनचं तर वेगळंच, ते स्वतः फारसं काही करत नाही, लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याचं मॉर्फिन करतं तेव्हा खरा गुण येतो, आणि ते एन्झाइम कुणात सुस्त तर कुणात फार जोरात असल्यामुळे तोच डोस एकाला काहीच करत नाही आणि दुसऱ्याला जास्त होतो. ट्रॅमाडॉल पण थोडंफार याच एन्झाइमवर अवलंबून असतं, शिवाय मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतं, म्हणून आई डिप्रेशनची गोळी घेत असतील किंवा पूर्वी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आजच सांगा.

मावशींची भीती अगदीच खोटी नाही, ओपिऑइडची सवय लागू शकते. पण ऑपरेशननंतर थोडे दिवस, ठरलेल्या डोसमध्ये घेताना धोका कमी असतो, आणि दुखण्यामुळे आईंनी गुडघा हलवलाच नाही तर तो आखडेल, ते नुकसान मला जास्त मोठं वाटतं. गोळ्या बरेच आठवडे चालल्या तर एकदम थांबवू नका, डॉक्टरांना विचारून कमी करत आणा.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. ट्रॅमाडॉल आणि प्रीगाबालिन दोन्हींनी गुंगी येते, त्यात झोपेची गोळी किंवा दारू मिसळली तर श्वास मंदावतो. आई हाक मारून उठत नसतील, श्वास फार हळू वाटत असेल तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. आणि पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या, कारण गुंगी काही दिवसांत कमी होते पण ओपिऑइडमुळे होणारी बद्धकोष्ठता गोळी चालू असेपर्यंत सहसा जात नाही.