यूकेत सर्जिकल ट्रेनिंग आणि मध्ये एक वर्ष मलावी: आधी व्हिसाचं बघा

डॉक्टर, एमएस करून यूकेत ट्रेनिंगला येताय आणि मध्ये एक वर्ष आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून काम करता येईल का, असं विचारलंत. येईल. मी स्वतः मलावीत, ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये काम करून आलोय. फक्त ब्रिटिश सहकाऱ्यांचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका, त्यांना व्हिसाची चिंता नसते.

ट्रेनिंगमधून तात्पुरतं बाहेर पडायला 'आउट ऑफ प्रोग्राम' (ओओपी) मंजूर करून घ्यावं लागतं. अनुभवासाठी गेलात (ओओपीई) तर तो काळ ट्रेनिंगमध्ये धरत नाहीत, सीसीटी (ट्रेनिंग पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र) तेवढं लांबतं. धरला जावा असं वाटत असेल तर ओओपीटी (ट्रेनिंगसाठी बाहेर जाणं), आणि त्याला जीएमसीची (तिथल्या मेडिकल कौन्सिलची) मंजुरी निघण्याआधी लागते. पहिल्या वर्षी सहसा कुणाला सोडत नाहीत.

खरी अडचण पुढे आहे. स्किल्ड वर्कर व्हिसावर (यूकेतल्या नोकरीचा व्हिसा) वर्षात चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी गैरहजेरी झाली, तर स्पॉन्सरशिप जाऊ शकते. परदेशातल्या मानवतावादी संकटात मदतीला गेलात तर सूट आहे, पण शिकवणाऱ्या हॉस्पिटलमधलं रोजचं काम त्यात बसवता येणं कठीण. शिवाय आयएलआरसाठी (यूकेत कायम राहण्याचा परवाना) कुठल्याही 12 महिन्यांत 180 दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहता येत नाही. म्हणून मी आयएलआर हातात आल्यावरच निघालो. तुम्हीही तसंच करा, असं माझं ठाम मत आहे. आयएलआरनंतर सलग दोन वर्षं बाहेर राहिलात तरच ते जातं, त्यामुळे एक वर्ष निर्धास्त काढता येतं.

आठवडा-दोन आठवड्यांच्या कॅम्पना मात्र जाऊ नका. ऑपरेशन तुम्ही करणार आणि चौथ्या दिवशी टाका उसवला की निस्तरणार तिथला डॉक्टर, हे मला पटत नाही.

मलावीत आपलं एमएस खूप उपयोगी पडतं. टायफॉइडचं आतड्याचं छिद्र, पोटाचा टीबी, चुलीच्या जाळात भाजलेली मुलं हे ब्रिटिश ट्रेनीने क्वचितच पाहिलेलं असतं, आपण रेसिडेन्सीत रोज पाहिलंय. तरी निर्णय तिथल्या सर्जनचाच. छिद्र पडलेल्या एका मुलाला मी स्टोमा (पोटावर आतड्याचं तोंड, ज्याला पिशवी लावावी लागते) काढायला निघालो होतो. सरांनी थांबवलं, कडा कापून दोन थरांत शिवायला लावलं. घरी गेल्यावर त्या आईला स्टोमाच्या पिशव्या कुठून मिळणार, एवढंच विचारलं. भूल क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेला, पण प्रशिक्षित कर्मचारी) देत होता, केटामाइन या औषधावर, आणि फार चांगली देत होता. तिथला बराचसा डोलारा हीच माणसं सांभाळतात, जिल्ह्याच्या हॉस्पिटलांत बहुतेक सिझेरियनही तेच करतात.

लॉगबुक (आपण केलेल्या ऑपरेशनांची नोंदवही) भरायला जायचं असेल तर जाऊच नका. तिथल्या रजिस्ट्रारलाही कॉसेक्साची (पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेच्या भागातलं सर्जन्सचं कॉलेज) परीक्षा द्यायची असते, त्याच्या वाट्याची केस आपण घ्यायची नाही. असिस्ट करा, शिकवा, रात्रीच्या ड्यूट्या घ्या.

आपल्याकडचंही तिथे कामी येतं. दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये मच्छरदाणीच्या कापडाची जाळी वापरून दाखवली. पुढे युगांडात 300 हून अधिक पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची चाचणी झाली, 2016 मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर महागड्या जाळीइतकीच चांगली. हे तिथल्या मुलांना जरूर सांगा.

मलावीच्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी, इन्डेम्निटी (डॉक्टरवर दावा झाला तर संरक्षण देणारा विमा), मलेरियाच्या गोळ्या आणि सुई टोचली तर लगेच सुरू करायची एचआयव्हीची औषधं, हे सगळं निघण्यापूर्वी हातात हवं. कुठल्या डीनरीत (ट्रेनिंग चालवणारं विभागीय कार्यालय) जागा मिळाली ते कळवा, पुढचं नेमकं सांगतो.