तुमचे प्रश्न: सेशन झालं तेव्हा क्लायंट नेमका कुठे होता?

गेल्या अंकात विचारलं होतं की अमेरिकेत थेरपी देणाऱ्या किंवा घेणाऱ्या मराठी माणसांना बिलाच्या, लायसन्सच्या काही अडचणी असतील तर लिहा, आणि बापरे, पत्रांचा ढीग आला. मी बरीच वर्षं छोट्या मेंटल हेल्थ प्रॅक्टिसेसचं बिलिंग आणि क्रेडेन्शियलिंग (म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांकडे थेरपिस्टची नोंदणी) बघते, त्यामुळे यातलं बरंचसं माझ्या टेबलावरून गेलेलं आहे. चार पत्रं घेतलीयेत, नावं अर्थातच काढून.

प्रश्न: ताई, मी न्यू जर्सीत लायसन्स्ड सायकॉलॉजिस्ट आहे. माझी एक क्लायंट कॉलेजसाठी कॅलिफोर्नियाला चाललीय, दुसरा टेक्सासला. दोघांनाही माझ्याकडेच चालू ठेवायचंय. शिवाय डिसेंबरमध्ये मी पाच आठवडे पुण्याला जाणार आहे, तिथून व्हिडिओवर सेशन्स घेतली तर चालतील ना? लायसन्स तर माझं इथलंच आहे.

उत्तर: तुमचं लायसन्स इथलं आहे हे खरं, पण कायदा आधी बघतो क्लायंट कुठे बसलाय ते. ती मुलगी कॅलिफोर्नियातल्या हॉस्टेलच्या खोलीत बसून बोलत असेल तर ते सेशन कॅलिफोर्नियात झालं, मग तुम्ही तुमच्या न्यू जर्सीच्या ऑफिसात का असेना.

टेक्सासवाल्याचं सोपं आहे. न्यू जर्सी आणि टेक्सास दोन्ही सायपॅक्टमध्ये आहेत, म्हणजे सायकॉलॉजिस्टांसाठीचा आंतरराज्य करार, चाळीसहून जास्त राज्यं आहेत त्यात. आधी ई-पासपोर्ट काढायचा (प्रवासाचा नव्हे, हे एक प्रमाणपत्र असतं), मग सायपॅक्टकडून टेलिसायकॉलॉजीची, म्हणजे दुरून सेशन्स घ्यायची, परवानगी, आणि हे सगळं हातात आल्यावरच पहिलं सेशन, अर्ज टाकलाय एवढ्यावर नाही. हा करार फक्त सायकॉलॉजिस्टांसाठी आहे बरं का, काउन्सेलर आणि सोशल वर्करांचे करार वेगळे आहेत, त्यामुळे मैत्रीण करते म्हणून तुम्हीही करू शकता किंवा उलट, असं धरून चालू नका.

कॅलिफोर्निया सायपॅक्टमध्ये नाही. तिथे बाहेरच्या राज्यातल्या सायकॉलॉजिस्टला कॅलेंडर वर्षात ३० दिवसांपर्यंतची सवलत आहे, ती मी तुमच्या जागी असते तर क्लायंटला नीट दुसऱ्याच्या हाती सोपवायला वापरली असती. चार वर्षं तिच्यावर चालणार नाहीत. नाहीतर तिथलं लायसन्स काढा. मुलीला हे जाण्याच्या आदल्या आठवड्यात सांगू नका, आत्ताच सांगा, कारण अठरा वर्षांच्या मुलीला घर सुटणं आणि थेरपिस्ट सुटणं एकाच वेळी आलं तर फार जड जातं.

आणि पुणे. टेक्सासवाल्याचं पुण्यातून जमणारच नाही, कारण सायपॅक्टखाली काम करताना तुम्ही स्वतः तुमच्या होम स्टेटमध्ये, म्हणजे लायसन्स असलेल्या न्यू जर्सीत, बसलेलं असायला लागतं. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स, तर अमेरिकेबाहेरून दिलेल्या सेवेचे पैसेच देत नाही, क्लायंट घरी सोफ्यावर बसलेला असला तरी. खासगी कंपन्यांचं प्रत्येकीच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे, तेव्हा तिकीट काढण्याआधी लेखी विचारा, फोनवर कुणी 'चालेल' म्हटलं तर त्याला काही किंमत नाही. माझ्या ओळखीच्या एकीने न विचारता महिनाभर अशी सेशन्स घेतली आणि नंतर सगळे पैसे परत भरले, क्लायंटांना समजावत बसावं लागलं ते वेगळंच. त्यापेक्षा पाच आठवडे कव्हरेजला सहकारी बघा आणि आईवडिलांसोबत राहून या.

अजून एक, हे कुणी विचारलं नाहीये पण माझ्या जिवाला लागून असतं. प्रत्येक व्हिडिओ सेशनच्या सुरुवातीला क्लायंटचा त्या क्षणीचा पत्ता विचारा आणि नोटमध्ये लिहा. लायसन्ससाठी तर हवाच, पण क्लायंट टेक्सासमध्ये जीव द्यायची भाषा करतोय आणि तुम्ही न्यू जर्सीतून ९११ हा इमर्जन्सी नंबर लावलात तर फोन न्यू जर्सीतच लागतो. त्याच्या गावच्या पोलिसांचा किंवा क्रायसिस टीमचा थेट नंबर आधीपासून फाइलमध्ये पाहिजे. तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.

प्रश्न: माझी एकटीची प्रॅक्टिस आहे, क्लिनिकल सोशल वर्कर. इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलंय की मी ९०८३७ हा बिलिंगचा कोड इतरांपेक्षा जास्त वापरते. माझी सेशन्स पन्नास मिनिटांचीच असतात, सगळ्यांसारखी. मी काही चुकीचं केलंय का? खूप घाबरलेय.

उत्तर: घाबरू नका आधी. अशी पत्रं खूप जणींना येतात, पत्र म्हणजे आरोप नाही. पण तुमच्याच पत्रातलं 'पन्नास मिनिटं' वाचून मी थांबले, कारण गोम तिथेच आहे.

९०८३७ ला साठ मिनिटांचा कोड म्हणतात पण तो सुरू होतो ५३ मिनिटांपासून. ९०८३४ म्हणजे ३८ ते ५२, आणि ९०८३२ म्हणजे १६ ते ३७. सोळाच्या खाली सायकोथेरपीचा कोड लागतच नाही. म्हणजे आपण ज्याला थेरपीचा तास म्हणतो ती पन्नास मिनिटं ९०८३४ मध्ये जातात, कॅलेंडरवर एक तासाचा चौकोन अडवलेला असला तरी. आणि ही मिनिटं क्लायंटसोबतचीच, नोट लिहायला लागलेली दहा मिनिटं यात नाहीत, पुढची अपॉइंटमेंट ठरवलेली नाहीत, व्हिडिओ तुटला आणि सात मिनिटं लिंक पाठवण्यात गेली तर तीही नाहीत.

आता हे करा. गेल्या सहा महिन्यांच्या नोट्स काढा आणि सुरू-बंद वेळा क्लेमशी ताडून बघा. मी एका प्रॅक्टिसचं हे असंच केलं होतं, एका बाजूला छापलेल्या नोट्स, दुसऱ्या बाजूला क्लेमची यादी, आणि पट्टी ठेवून एकेक ओळ. नोटमध्ये ३:०२ ते ३:५१ लिहिलंय आणि क्लेमवर ९०८३७, आणि त्या थेरपिस्टला खरंच माहीत नव्हतं, तिला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलंच नव्हतं. असं सापडलं तर दुरुस्त क्लेम पाठवा, खासगी कंपनीला तो फ्रिक्वेन्सी कोड ७ (म्हणजे 'जुन्या क्लेमच्या जागी हा') आणि मूळ क्लेमच्या नंबरासकट जातो, आणि जास्त आलेले पैसे परत करा. मेडिकेअरचे जास्त पैसे आलेले लक्षात आले की परत करायला ६० दिवसांचा नियम आहे. बऱ्याच फाइल्समध्ये निघालं तर मात्र हेल्थकेअरच्या वकिलाला दाखवूनच पुढचं पाऊल टाका.

आणि सेशन खरोखर ५३ च्या वर जात असेल, ट्रॉमाचं काम आहे, ते मध्ये तोडता येत नाही, तर ९०८३७ लावणं हा तुमचा हक्क आहे, पत्राला भिऊन खालचा कोड टाकू नका. तोही खोटाच क्लेम की. नोटमध्ये वेळ लिहा आणि एवढा वेळ का लागला ते एका वाक्यात लिहा, बस.

सोबत पाठवलेल्या क्लेमच्या नमुन्यात एक गोष्ट दिसली. तुम्ही सगळ्या व्हिडिओ सेशन्सना प्लेस ऑफ सर्व्हिस, म्हणजे सेवा कुठे झाली त्याचा कोड, ०२ टाकताय. क्लायंट स्वतःच्या घरी असेल तर १० पाहिजे, हा कोड २०२२ पासून आहे. ०२ म्हणजे टेलिहेल्थच पण क्लायंट घराशिवाय दुसरीकडे. मेडिकेअर २०२४ पासून १० ला ऑफिसचा दर देतं आणि ०२ ला कमी, म्हणजे एका आकड्यापायी तुम्ही दर सेशनला स्वतःचंच नुकसान करून घेताय. खासगी कंपन्या त्यासोबत बहुतेक ९५ मॉडिफायर (कोडला जोडायचा आकडा) मागतात, आणि नुसत्या फोनवर झालं तर ९३.

प्रश्न: मी वीस वर्षांची आहे, कॅलिफोर्नियात शिकते. आईबाबांच्या इन्शुरन्सवर आहे. मला थेरपी सुरू करायचीय पण घरी कागद जाईल म्हणून सहा महिने नुसती पुढे ढकलतेय. ते वाईट नाहीत, पण त्यांना कळलं तर खूप खचतील. काय करू?

उत्तर: अगं, आधी हे की तू लिहिलंस ते फार बरं केलंस. आईबाबांच्या पॉलिसीवर तू २६ वर्षांची होईपर्यंत राहू शकतेस आणि तुझी थेरपी तुझीच राहते. घरी जातो तो कागद म्हणजे ईओबी (एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स, क्लेमचा हिशोब), त्यावर प्रोव्हायडरचं नाव, तारीख, रक्कम असतं, तू काय बोललीस ते नसतं. पण थेरपिस्टचं नाव दिसणं हेही तुझ्यासाठी पुरेसं आहे, कळतंय मला.

कॅलिफोर्नियाचा कायदा तुझ्या बाजूने आहे. जुलै २०२२ पासून तिथल्या नियमाखालच्या प्लॅन्सना मेंटल हेल्थसारख्या सेवांची माहिती पॉलिसीवाल्याला न पाठवता थेट तुलाच पाठवावी लागते. फक्त प्लॅन बाबांच्या कंपनीचा सेल्फ-फंडेड (म्हणजे उपचारांचे पैसे कंपनीच स्वतः भरते असा) असेल किंवा दुसऱ्या राज्यातला असेल तर हे लागू होईलच असं नाही. म्हणून पहिल्या अपॉइंटमेंटच्या आधी कार्डामागच्या नंबरवर फोन कर, 'कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन रिक्वेस्ट' हेच शब्द वापर, तुझा ईमेल किंवा हॉस्टेलचा पत्ता दे, आणि झाल्याचं लेखी मागून घे. डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, किती भरलं गेलं हा आकडा पोर्टलवर बाबांना दिसू शकतो, तेही विचारून ठेव.

तोवर कॉलेजच्या काउन्सेलिंग सेंटरला जा, तिथे बहुतेक ठिकाणी इन्शुरन्सकडे क्लेमच जात नाही. आणि कधी रात्री फारच वाईट वाटलं तर ९८८ या क्रायसिस हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज कर, त्याला इन्शुरन्स लागत नाही. अजून सहा महिने थांबू नकोस गं.

प्रश्न: बाबा गेल्यानंतर आईला सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. तिच्यासाठी मराठी बोलणारी थेरपिस्ट मिळाली, आई पहिल्यांदाच मोकळी बोलली. इन्शुरन्समध्ये हे बसत नाही म्हणून रोख देतोय. सुरुवातीला जो आकडा सांगितला त्यापेक्षा बिल बरंच जास्त आलंय. भांडायचं कसं, आईची थेरपी तर थांबवायची नाहीये.

उत्तर: भांडायची वेळ येणारही नाही कदाचित. २०२२ पासून इन्शुरन्स न वापरणाऱ्या प्रत्येकाला अंदाजे खर्चाचा कागद, म्हणजे गुड फेथ एस्टिमेट, लेखी मिळायलाच पाहिजे, थेरपिस्टकडेसुद्धा. दर आठवड्याच्या सेशन्सना एकच एस्टिमेट बारा महिन्यांपर्यंत चालतं. तो मिळाला नसेल तर आज ईमेलने मागा, मागितल्यावर तीन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो.

लेखी एस्टिमेट आधीच मिळालेलं असेल आणि बिल त्यापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त असेल तर बिल आल्यापासून १२० दिवसांच्या आत सरकारकडे डिस्प्यूट टाकता येतो. नुसता तोंडी आकडा असेल तर हा रस्ता बंद. पण आधी थेरपिस्टशी साधेपणाने बोला. एकटीने प्रॅक्टिस चालवणाऱ्या बऱ्याच जणींना हा नियम आपल्याला लागू आहे हेच माहीत नसतं, आणि पहिलं सेशन, जे ९०७९१ या पहिल्या तपासणीच्या कोडखाली जातं, ते नेहमीच्यापेक्षा महाग असतं हे सांगायचं राहून जातं. तुमच्या बिलावर बघा, तीच ओळ निघेल बहुतेक. आणि हे बोलणं तुम्ही करा, ईमेलवर, आईच्या सेशनच्या वेळात नको.